यवतेश्वरचा उतार, सांगलीची सपाटी

सप्टेंबरात सातारा हिल मॅरेथॉनच्या पहाटे पोवई नाक्यावर उभं राहिलं की रंगीबेरंगी बुटांची रांगच्या रांग समोरून जाते. पोपटी, केशरी, गुलाबी. काहींच्या तळात कार्बनची पट्टी, काहींची किंमत साताऱ्यातल्या दोन खोल्यांच्या दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. लोक थांबून कुठले आहेत म्हणून विचारतात, फोटो काढतात. मला कुतूहल वाटतं ते त्यानंतरच्या मंगळवारचं. गर्दी पांगलेली असते, मांड्या भरून आलेल्या असतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तरीही माणूस पहाटे उठून खिंडीतल्या गणपतीपर्यंत सावकाश पळून येतो. त्या दिवशी त्याच्या पायात काय असतं?

नियमित पळणारा माणूस शर्यतीच्या बुटांत वर्षाचे मोजके दिवस असतो. बाकीचं सगळं पळणं, सगळी दुखणी आणि जी काही सुधारणा व्हायची ती रोजच्या बुटांत होते. आणि नेमके तेच बूट आपल्याकडे सगळ्यात कमी विचार करून घेतले जातात. कुणी पुतण्याने पुण्याहून आणलेले, कुणी सेलमध्ये अर्ध्या किमतीला मिळाले म्हणून घेतलेले, कुणी जिममधले. शर्यतीसाठी वीस हजार मोजणारा माणूस सराव जुन्या झिजक्या जोडावर उरकताना मी दोन्ही जिल्ह्यांत पाहिला आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हा हिशेब उलटा हवा.

सातारा आणि सांगली ही तशी एकाच घरातली भावंडं. १९४९ साली वेगळा काढलेला सांगली जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ याच नावाने ओळखला जात होता. कृष्णा दोघांची. पण पळणाऱ्याच्या पायाला विचाराल तर हे दोन वेगळे देश आहेत. साताऱ्यात घराबाहेर पडलं की एक तर चढ लागतो नाही तर उतार. अजिंक्यतारा डोक्यावर, यवतेश्वरचा घाट समोर, बोगद्यापलीकडे सज्जनगडाची वाट. सांगलीत विश्रामबागेतून मिरजेकडे निघालात तर रस्ता मैलोनमैल सपाट. एका शहरात गुडघा आणि मांडी कसाला लागते, दुसऱ्यात तळवा आणि पोटरी. म्हणून ‘पळायला कुठला बूट चांगला?’ या प्रश्नाला मी आधी ‘कुठे पळता?’ असंच विचारतो.

या भागाच्या पळण्याची गोष्ट बुटांशिवायच सुरू झाली. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी स्पर्धा झाल्या, तेव्हा लांब पल्ल्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतले शेतकरी गडी अनवाणी धावले. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा ते पाहत होते. शास्त्रशुद्ध सराव नाही, बूट नाहीत, तरी त्यातल्या काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. त्यात मॅरेथॉनसाठी दोघे होते, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. त्या वर्षी मॅरेथॉनचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, ऑलिंपिकच्या इतिहासातलं सर्वांत लांब. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. आज हौशी धावपटू तीन तासांच्या आत मॅरेथॉन पळाला तर त्याचा सत्कार होतो, हे लक्षात घेतलं की शंभर वर्षांपूर्वीच्या त्या वेळेचं मोल कळतं.

शंभरएक वर्षांनी याच मातीतून ललिता बाबर आली. माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव, दुष्काळी पट्टा. आधी खो-खो, मग लांब पल्ल्याचं धावणं. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली आणि मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी १९८४ च्या पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय महिला.

अनवाणी धावलेल्या पूर्वजांचा दाखला देऊन आजही कुणी कुणी ‘बूट हवेतच कशाला?’ असं विचारतो. प्रश्न रास्त आहे. लहानपणापासून अनवाणी चाललेल्या पायाचा तळवा आणि पंजाचे स्नायू खरोखरच मजबूत असतात. अनवाणी धावणारे बरेच जण टाचेऐवजी चवड्यावर उतरतात, त्यामुळे टाच आदळण्याचा तो पहिला झटका बसत नाही, हेही शास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे. पण तो भार नाहीसा होत नाही, पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. चाळीस वर्षं चपला-बुटांत वावरलेल्या बँकेतल्या साहेबांनी एका सोमवारपासून डांबरावर अनवाणी पळायचं ठरवलं तर गुरुवारी त्यांना जिना चढता येणार नाही. मातीचं मैदान आणि डांबर यांतही फरक आहे. १९१९ चे गडी मातीचे होते, आपण डांबराचे.

त्या अनवाणी वारशाचा एक ठसा मात्र आजही पायावर दिसतो, तो म्हणजे रुंदी. केंद्र सरकारच्या चेन्नईतल्या चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा साधारणपणे रुंद आहे, हे त्यातून पुढे आलं आणि त्यावरून ‘भ’ या नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवली गेली. दुकानात मात्र आपण अजून ब्रिटिश किंवा अमेरिकी आकड्यांतच बूट मागतो. शेतात वाढलेल्या माणसाचा चवडा रुंद असतो. त्याला आठ नंबर लांबीला बरोबर बसतो पण करंगळीजवळ चावतो. मग दुकानदार नऊ नंबर देतो. आता चवडा मोकळा होतो, पण टाच आत उचलली जाते आणि पाय पुढे सरकतो. मोठा नंबर हा यावरचा उपाय नव्हे. तोच नंबर रुंद पट्ट्यात मागायला हवा. बऱ्याच कंपन्या ‘टू-ई’ किंवा ‘वाइड’ नावाने तो काढतात. पण जिल्ह्याच्या ठिकाणी तो मागितल्याशिवाय दिसत नाही, आणि मागितल्यावरही बऱ्याचदा मागवावाच लागतो. महिलांच्या बाबतीत हाल आणखी. टाच अरुंद आणि चवडा रुंद अशा पायासाठी काढलेला बूट तालुक्याला मिळत नाही, मग मुली मुलांचाच चार-पाच नंबर घेऊन दोन मोजे चढवतात.

आश्चर्य याचं वाटतं की पायाच्या मापाचं ज्ञान याच पट्ट्यात किती जुनं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन जाहीर झालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर. पायाचा आकार कागदावर पेन्सिलीने काढून घेऊन चप्पल बनवणारे कारागीर या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पळण्याचा बूट घेताना तीच रीत घरी करून पाहावी. संध्याकाळी, दिवसभराच्या वावराने पाय किंचित सुजलेला असताना, कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाहेरची रेघ काढा. दोन्ही पाय सहसा सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप धरा. मग दुकानात बुटाचा आतला पट्टा बाहेर काढून त्या रेघेवर ठेवा. पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी आणि चवड्याची रेघ पट्ट्याच्या बाहेर फारशी जायला नको. या दोन मिनिटांच्या कामाने निम्मी चूक टळते.

दुकानातली दुसरी लोकप्रिय परीक्षा म्हणजे ओल्या पायाची. शहाबादी फरशीवर ओला पाय ठेवायचा आणि ठसा पाहायचा. तळव्याची कमान उमटली नाही तर ‘तुम्ही फ्लॅट फूट, तुम्हाला सपोर्टवाला बूट’, फारच बारीक ठसा उमटला तर ‘तुम्हाला मऊ बूट’. ऐकायला पटतं. अमेरिकेच्या लष्कराने याच पद्धतीची मोठी परीक्षा घेतली. हजारो नव्या सैनिकांना दोन गटांत विभागलं. एका गटाला पायाच्या ठशानुसार वेगवेगळ्या प्रकारचे बूट दिले, दुसऱ्याला सरसकट एकाच प्रकारचे. प्रशिक्षण संपल्यावर दोन्ही गटांतलं दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. भूदल, हवाईदल आणि मरीन अशा तिन्ही दलांत निष्कर्ष तोच. फरशीवरच्या ठशावरून बूट ठरवणाऱ्या दुकानदाराचं मन राखा, पण पैसे त्यावरून मोजू नका.

मग कशावरून? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग हे पायांचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले संशोधक. त्यांचं मत असं, की पायाला जो बूट सुखाचा वाटतो तोच बहुतेक वेळा शरीराला मानवतो. पायात घालताच ‘हा माझा’ असं वाटायला हवं. आठवडाभरात ‘मोकळा होईल’ या आशेवर बूट घेऊ नये, चामड्याचा बूट पाय धरत जातो तसा जाळीचा बूट धरत नाही. आणि नुसतं आरशासमोर उभं राहून सुख कळत नाही. दुकानाबाहेरच्या रस्त्यावर निदान शंभर पावलं पळून पाहा, दुकानदार नाराज झाला तरी. साताऱ्याच्या राजपथावरचा किंवा सांगलीच्या गणपती पेठेच्या आसपासचा ओळखीचा दुकानदार यासाठी मोठ्या शहरातल्या मॉलपेक्षा बरा, तो पळून पाहू देतो.

आता घाट. सातारा हिल मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. शहरातून निघून यवतेश्वर घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून परत यायचं, असे २१ किलोमीटर. २०१५ साली २,६१८ धावपटूंनी एकाच वेळी डोंगरावरची शर्यत पुरी केल्याची नोंद गिनेस बुकात झाली. बाहेरून आलेले लोक चढाची भीती घेऊन येतात. साताऱ्याचा जुना धावपटू सांगतो, चढ दमवतो, पण उतार मोडतो. ते अक्षरशः खरं आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराला धरून ठेवतो, म्हणजे ब्रेक लावतो. ताणलेल्या अवस्थेतल्या या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि तिचं दुखणं त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. तोच तो मंगळवार.

उतारावर बुटाचं काम मऊपणाइतकंच पकडीचं असतं. पाय पुढे सरकला की अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आदळत राहतं. हजारो पावलं. चार दिवसांत नख काळं पडतं, महिन्याभराने गळतं. साताऱ्यात पळणाऱ्यांच्या पायांवर ही काळी नखं इतकी सर्रास दिसतात की ती जणू मानाची खूण समजली जाते. त्यात मान काही नाही. उपाय बुटातच असतो, फक्त बघितला जात नाही. घोट्याजवळ नाडीच्या भोकांच्या ओळीत सगळ्यात वर, थोडं मागे एक जादा भोक असतं. बहुतेकांचं ते कायम रिकामं असतं. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून एक छोटा फासा करायचा, दुसऱ्या बाजूला तसाच, आणि दोन्ही टोकं एकमेकांच्या फाशातून ओवून मग गाठ मारायची. टाच मागे बसते, पाय पुढे जात नाही. यवतेश्वर उतरण्याआधी वरच्या मंदिरापाशी थांबून नाडी अशी बांधायला एक मिनिट लागतं आणि नखं वाचतात.

पावसाळ्यात या घाटाचं रूप वेगळं होतं. जून ते सप्टेंबर कठड्यांवर आणि रस्त्याच्या कडेला शेवाळ, वळणांवर वाहून आलेला मुरूम, पांढरे रंगवलेले पट्टे साबणासारखे निसरडे. इथे तळाच्या रबराकडे पाहावं. हलक्या बुटांत बऱ्याचदा तळाचा मोठा भाग उघड्या फेसाचाच ठेवतात, रबर फक्त टाच आणि चवड्याखाली. सांगलीच्या कोरड्या रस्त्यावर ते चालून जातं. साताऱ्याच्या पावसात रबर जास्त असलेला, बारीक खाचांचा तळ घ्यावा, वजन चाळीस-पन्नास ग्रॅम वाढलं तरी. बुटाचं वजन शंभर ग्रॅमने वाढलं की पळायला साधारण एक टक्का जास्त प्राणवायू लागतो, असं मोजलेलं आहे. रोजच्या संथ पळण्यात हा फरक जाणवतही नाही. घसरून पडलेलं मनगट जाणवतं.

सांगलीत प्रश्न वेगळे. पहाटे पाचला आमराईत फेऱ्या मारणारे, हरिपूरच्या रस्त्याने संगमाकडे जाणारे, आयर्विन पुलावरून पलीकडे जाऊन परत येणारे असे इथले पळणारे. सपाट रस्त्यावर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच पडतं. घाटात निदान स्नायूंची पाळी बदलते. इथे तोच तळवा, तीच पोटरी, तोच कोन. सरकारी पेव्हिंग ब्लॉक आणि काँक्रीट हे डांबरापेक्षाही कडक. म्हणून सांगलीकराने मधल्या फेसाच्या थराकडे, मिडसोलकडे, जास्त लक्ष द्यावं. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना सारखे दिसणारे पण आतून कडक किंवा मऊ असे बूट देऊन सहा महिने पाहिलं गेलं. कडक बूटवाल्यांना दुखापतीचा धोका दीडपट निघाला. मऊ म्हणजे गादीसारखा नव्हे. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबून लगेच परत यावा इतका मऊ.

उन्हाळ्यात इथलं तापमान चाळिशी ओलांडतं. बूट मोटारीच्या डिकीत किंवा गच्चीवर उन्हात ठेवले की फेस आणि डिंक दोन्ही लवकर म्हातारे होतात. धुऊन कडक उन्हात वाळवणं ही आपली सगळ्यात जुनी खोड. ओला बूट सावलीत, आत कालचा ‘ऐक्य’ किंवा ‘पुढारी’ कोंबून ठेवावा आणि कागद दोन-तीनदा बदलावा. आणि काळी माती. पावसानंतर बांधाच्या रस्त्याने किंवा दंडोबाच्या डोंगराच्या बाजूला पळायला गेलात तर खोल खाचांचा बूट प्रत्येक पावलाला किलोभर चिखल उचलतो. तिथे खाचा कमी आणि लांब-लांब असलेला तळ बरा. ऊस तोडणीच्या हंगामात पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्यावर पळणाऱ्याने बुटावरची चकाकती पट्टी ही नखऱ्याची बाब समजू नये. ती मागून येणाऱ्या ड्रायव्हरला दिसते.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, त्यावर उगाच रक्त आटवू नका. शून्यापासून बारा मिलिमीटरपर्यंत बूट मिळतात. पोटरी किंवा टाचेमागची शीर दुखरी असेल तर आठ-दहाचा, गुडघा कुरकुरत असेल तर थोडा कमी. आणि जो सवयीचा आहे त्यावरून एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ नका. एवढं पुरे.

आता प्रश्न येतो तो दोन जोडांचा. रोजच्या पळण्याला एक आणि विश्रांतीच्या दिवशीच्या, म्हणजे त्या मंगळवारसारख्या संथ पळण्याला वेगळा, मऊ असा दुसरा बूट हवा का? कंपन्या अर्थातच हवाच म्हणतील. माझं उत्तर असं. आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर पळणाऱ्याला एक चांगला जोड पुरतो. त्याच्यावर गेलात, आठवड्यातून चार-पाच दिवस पळू लागलात, तर दुसरा जोड घ्या, आणि तो पहिल्यापेक्षा वेगळा घ्या. लक्झेंबर्गच्याच त्या संशोधकांनी २६४ धावपटूंवर २२ आठवडे नजर ठेवली होती. आलटून पालटून वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. पटणारं कारण हेच, की बूट बदलला की भार पडण्याची जागा थोडीशी बदलते, एकच जागा रोज चेपली जात नाही. दुसरा जोड महागच हवा असं काही नाही. पहिला साधा, टणक असेल तर दुसरा जाड मऊ घ्यावा.

शर्यतीचे कार्बन पट्टीचे बूट रोज घालून पळणारे तरुण अलीकडे दिसू लागले आहेत. त्या बुटांत चार टक्के कमी ऊर्जा लागते, हा गाजलेला फायदा ताशी चौदा ते अठरा किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांवर मोजला गेला होता. ताशी दहा किलोमीटरच्या वेगाला तो एक टक्क्याच्याही आत येतो, असं नंतरच्या मापनात दिसलं. विश्रांतीचं पळणं तर त्याहूनही संथ. हिशेबच मांडू. चार हजारांचा बूट सहाशे किलोमीटर चालला तर किलोमीटरला सहा-सात रुपये पडतात. वीस हजारांचा शर्यतीचा बूट तीनशे किलोमीटर चालला असं धरलं तर किलोमीटरला सहासष्ट रुपये. मंगळवारच्या पाच संथ किलोमीटरांना सव्वातीनशे रुपये घालवायचे, आणि मिळणार काय, तर उंच डगमगत्या तळावर थकलेला घोटा.

ज्यांच्यासाठी हा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा ते या दोन्ही जिल्ह्यांत हजारोंनी आहेत, पण मॅरेथॉनच्या फोटोंत कुठे दिसत नाहीत. भरतीची मुलं-मुली. अपशिंगे मिलिटरीसारखं घरटी सैनिक देणारं गाव साताऱ्यात आहे, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली, तासगावच्या तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. वर्दीचं स्वप्न इथल्या हवेतच आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पन्नासपैकी वीस गुण एकट्या धावण्याला, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८००. म्हणून पहाटे चारपासून कॉलेजच्या मैदानांवर, कॅनॉलच्या कडेने, हायवेच्या सर्व्हिस रोडवर ही मुलं पळत असतात. बुटाला हजार-दीड हजार रुपये काढणं हेही घरात चर्चेचं होतं.

त्यांच्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘सर, नडगी दुखतीय’. आणि त्याचा दोष बुटाला जातो. बूट बदलला जातो, दुखणं राहतं. कारण बऱ्याचदा दुसरंच असतं. जाहिरात निघाली की महिनाभरात अंतर दुप्पट, आणि रोज तेच १६०० मीटर जीव खाऊन. हाडालाही भार पेलायची सवय लागायला आठवडे जातात. आठवड्यातले निदान चार दिवस बोलत बोलत पळता येईल इतक्या वेगाने पळावं, घड्याळ लावून धावणं दोनच दिवस. मातीचं मैदान मिळत असेल तर ते पहिलं. हजार-दीड हजारात निव्हिया, सेगा, कॅम्पस, डेकॅथलॉन यांचे साधे बूट मिळतात, त्यातला जो पायाला सुखाचा, टाच धरणारा आणि चवड्याला मोकळा, तो घ्यावा. खेळाडूच्या नावाने विकला जाणारा नकली महागडा बूट मात्र बिलकूल नको. त्याचा फेस दोन महिन्यांत दगड होतो. आणि नडगीच्या हाडावर एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच जागी कळ येत असेल तर बूट, बर्फ, तेल सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. हाडाला तडा गेलेला असू शकतो. त्यावर पळत राहिलं तर भरतीच काय, चालणंही काही महिने लांबतं.

जुना बूट कधी सोडायचा? पाचशे ते आठशे किलोमीटर असं सर्वसाधारण गणित सांगतात. जड अंगाच्या माणसाचा आणि घाटात पळणाऱ्याचा लवकर संपतो. आकड्यापेक्षा बूटच पाहावा. दोन्ही बूट टेबलावर मागून डोळ्यांच्या रेषेत ठेवा. एखादा आत किंवा बाहेर कलला आहे का ते बघा. मिडसोलच्या बाजूला बारीक आडव्या सुरकुत्या पडतात. दाबल्यावर त्या उघडत-मिटत असतील तर ठीक, कायमच्या दुमडून बसल्या असतील तर फेस मेला. टाचेखाली बाहेरच्या बाजूचं रबर थोडं झिजणं स्वाभाविक आहे. एका बुटाचं खूप आणि दुसऱ्याचं कमी झिजलं असेल तर बुटापेक्षा रस्त्याकडे बघा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. रोज एकाच कडेने पळणाऱ्याचा एक पाय कायम खाली पडतो. मैदानावर एकाच दिशेने फेऱ्या मारणाऱ्यांचंही तेच. रहदारी नसेल तिथे बाजू बदलावी, मैदानावर दिशा बदलावी. ते न बदलता नवा बूट घेतला तर तोही तसाच झिजेल. फेस मेलेला बूट फेकायची घाई नको, शेतात, बाजारात चालायला तो वर्षभर पुरतो. फक्त पळायला नको.

राहता राहिलं ते विश्रांतीचं पळणं. शर्यतीनंतर किंवा लांब पळण्यानंतर ‘लॅक्टिक ॲसिड बाहेर काढायला’ पळायचं असं अजूनही प्रशिक्षक सांगतात. रक्तातलं लॅक्टेट पळणं थांबल्यावर तासाभरात आपसूक मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या दिवशी बाहेर काढायला ते उरलेलंच नसतं. दुखतात त्या स्नायूंच्या बारीक इजा, आणि त्या झोप, जेवण आणि वेळ यांनीच भरतात. मग पळायचं कशाला? तर पायांची पळण्याची सवय, हृदयाचा पाया आणि मनाची शिस्त हलक्या हाताने चालू ठेवायला. त्यासाठी वेग इतका कमी हवा की शेजारच्याशी सलग गप्पा मारता याव्यात. चढ आला तर चालावं. साताऱ्यात तर या दिवशी घाटाकडे पाहूच नये, शाहू क्रीडा संकुलाच्या आत किंवा गोडोलीच्या सपाट तुकड्यावर फेऱ्या माराव्यात. सांगलीकराला तो प्रश्न नाही, पण त्याने काँक्रीट टाळून आमराईची माती शोधावी. लंगडत असाल, एखादं पाऊल वाचवून टाकत असाल, तर त्या दिवशी पळायचंच नाही.

बुटाबद्दल म्हणाल तर या दिवशी जोडांपैकी जास्त मऊ, जास्त रुंद आणि कमी देखणा जोड काढावा. शर्यतीत सुजलेला पाय दोन दिवस थोडा मोठा असतो, नख दुखरं असतं, म्हणून वरचं जादा भोक आज रिकामं ठेवावं आणि नाडी पंजावर सैल सोडावी. एकच जोड असेल तर मोजा पातळ घालावा. घड्याळ घरी ठेवावं. वीस-पंचवीस मिनिटं झाली की वळावं, घरी येऊन बूट काढून आतला पट्टा बाहेर काढून हवेवर ठेवावा. तोच जोड पुन्हा घालायचा तर निदान एक दिवस मध्ये जाऊ द्यावा, आतला घाम पुरता वाळायला तेवढा वेळ लागतोच.